राखणदाराची सुटका

माझ्याकडून त्यांनी हातात घेतलेली पहिली वस्तू म्हणजे माझं विद्यापीठाचं ओळखपत्र. घेतल्याघेतल्या त्यांनी ते उलटं केलं. पुढच्या बाजूला फोटो, नाव, विभाग असं सगळं होतं, पण त्यात त्यांना रस दिसला नाही. मागे 'सापडल्यास कृपया खालील पत्त्यावर पाठवावे' एवढं छापलेलं होतं. ते त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सावकाश वाचलं, मान डोलावली आणि कार्ड परत दिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही हरवलात तर कुठे पाठवायचं ते कळलं."

ही थट्टा होती की सूचना, मला कळलं नाही. पुढे दोन वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, तरी त्यांच्या निम्म्याअधिक वाक्यांबद्दल माझी हीच गत होती.

दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला इमेज प्रोसेसिंगमध्ये पीएचडी करत होते. ऱ्हाईनपलीकडच्या एका जुन्या विद्यापीठात पपायरसचा छोटासा संग्रह होता, त्याचे फोटो काढून ते कॉम्प्युटरवर चढवायचा प्रकल्प आमच्या ग्रुपला मिळाला. ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना गाड्या, रोबो आणि कारखान्यातले कॅमेरे यांत भविष्य दिसत होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गवती कागदात कुणालाच ते दिसेना, म्हणून मला पाठवलं. आठवड्यातून दोनदा एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, जायचं, तुकडे स्कॅन करायचे, परत यायचं. मला ग्रीक येत नव्हतं आणि इतिहासात शाळेपासून गती नव्हती. माझ्या प्रोफेसरांच्या मते हीच माझी जमेची बाजू होती.

माझं ओळखपत्र उलटं करणारे ते, तिथले निवृत्त क्युरेटर. सगळे त्यांना 'हेर डॉक्टर' म्हणत. प्रोफेसर ते कधी झालेच नाहीत. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्याकडून किल्ली मागून घ्यायचा धीर कुणाला झाला नव्हता. उंच, हाडकुळे, कोपरावर चामड्याचं ठिगळ लावलेला कॉर्डरॉयचा कोट आणि कानावर पेन्सिल. पेन त्यांच्या राज्यात चालत नसे. दारात पेन काढून द्यायचं आणि पेन्सिल घ्यायची. एकदा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या एका बड्या प्रोफेसरांनी खिशातलं सोन्याच्या निबाचं पेन द्यायला नकार दिला. हेर डॉक्टरांनी काही वाद घातला नाही. ते प्रोफेसर दिवसभर जिथे जातील तिथे त्यांच्या मागे, एका हाताच्या अंतरावर, टीपकागद धरून उभे राहिले. दुपारच्या कॉफीनंतर पेन निमूटपणे दारातल्या बशीत आलं.

आणि उलटं करण्याची ती खोड. मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवण झालं की ताटली उलटी करून कारखान्याचा शिक्का बघणार. भिंतीवरचं चित्र उचलून मागची लाकडी चौकट बघणार. एकदा सेक्रेटरीबाईंनी सुट्टीवरून आणलेलं चिनी मातीचं मांजर भेट दिलं, तर त्यांनी सगळ्यांसमोर ते उताणं करून पोटाखालचं लेबल वाचलं आणि मगच आभार मानले. संग्रहात आलेल्या नव्या विद्यार्थ्याने कितीही हुशारीचं काही सांगितलं, तरी त्यांचा प्रश्न एकच असे. "मागची बाजू बघितलीत?" बहुतेकांनी बघितलेली नसे. मग ते निघून जात.

यामागे कारण होतं आणि ते समजायला थोडं त्यांच्या पत्रांबद्दल सांगायला हवं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तवर ग्रीक राजे होते. राजाने आपल्या मंत्र्याला वाळवंटाच्या कडेला एक मोठी जहागीर दिली होती. मंत्री राहायचा राजधानीत. जहागीर बघायला त्याने एक कारभारी नेमला होता. द्राक्षमळे, डुकरं, मधमाश्या, कालवे, विटांच्या भट्ट्या, मजुरांची भांडणं, सगळं या एका माणसाच्या गळ्यात. रोज त्याच्याकडे पत्रं येत. कुणाला बी हवं, कुणाचं गाढव मेलं, कुणाचा शेजारी बांध कोरतोय. पत्र आलं की त्याचा कारकून ते घडी करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवी. कधी आलं, कुणाचं, कशाबद्दल. मग ते टोपलीत जाई. पुढे जहागीर गेली, गाव ओस पडलं, टोपल्या वाळूत गाडल्या गेल्या. तिथे पाऊस नाही, त्यामुळे कागद कुजले नाहीत. त्यांतले काही तुकडे फिरत फिरत जर्मनीत आले होते.

हेर डॉक्टर या कारभाऱ्याबद्दल वर्तमानकाळात बोलत. मी सकाळी पोचले की विचारावं, काय म्हणताय, तर म्हणत, "तो सध्या वैतागलेला आहे. कालव्याला पाणी नाही आणि वरून मंत्री पाहुणे पाठवतोय." पहिले काही दिवस मला वाटायचं की ते डीनबद्दल बोलताहेत. इमारतीत हीटर बंद पडला की म्हणायचे, "त्याने एव्हाना तिघांना फैलावर घेतलं असतं." स्वतः मात्र ते कुणाला फैलावर घेत नसत. चिठ्ठी लिहीत. माझ्या टेबलावर एकदा चिठ्ठी होती. "जुन्या क्युरेटरकडून कॅमेरावालीस नमस्कार. तुम्ही कुशल असाल तर उत्तम, मीही कुशल आहे. काल खिडकी उघडी राहिली. कुशल असा." पुरातन पत्रांचा मायना त्यांनी तसाच उचलला होता. ईमेल ते वाचत नसत. सेक्रेटरीबाई त्यांचे ईमेल छापून देत, ते मागे तारीख, पाठवणारा आणि विषय लिहीत आणि पेन्सिलीने उत्तर लिहून टपालात टाकत. फिनान्झाम्टने, म्हणजे कर-कार्यालयाने, पाठवलेली पत्रंसुद्धा त्यातून सुटली नव्हती. उत्तर मात्र प्रत्येकाला, आलेल्या दिवशीच. टूथपेस्टच्या जाहिरातीलाही त्यांनी नम्र नकार कळवल्याचं मी पाहिलेलं आहे.

मी तासगावकडची. घरची द्राक्षबाग नव्हती, पण आजूबाजूला सगळीकडे बागाच. हे कळल्यावर हेर डॉक्टरांच्या लेखी माझी किंमत एकदम वाढली. तोवर मी कॅमेरावाली होते, आता साक्षीदार झाले.

"राखण कशी करतात तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की घड भरले की पाखरं तुटून पडतात, मग राखणदार डबे वाजवतो, हाळ्या घालतो, गोफण मारतो. गोफण म्हणजे काय ते सांगताना माझं जर्मन संपलं. हातवारे करून दाखवलं, तर ते म्हणाले, असं नाही, खरी दाखवा. आम्ही मागच्या होफमध्ये, म्हणजे इमारतीच्या अंगणात, गेलो. त्यांनी गळ्यातला लोकरी मफलर काढून दिला, खाली पडलेलं एक चेस्टनट उचलून दिलं. लहानपणी शेजारच्या बागेतल्या राखणदाराने मला शिकवलं होतं, पण त्याला वीस वर्षं झाली होती आणि मफलरची गोफण मी कधी फिरवली नव्हती. चेस्टनट सुटलं ते भिंतीपलीकडच्या दंतवैद्याच्या खिडकीवर जाऊन थडकलं. काच फुटली नाही, पण आवाज झाला आणि इमारतीची देखभाल करणारा हाऊसमाइस्टर धावत आला. माझ्या हातात मफलर होता.

"आल्झो, हे काय चाललंय?" तो म्हणाला.

"संशोधन," हेर डॉक्टर म्हणाले. "आत्ता या बाईंनी एक साळुंकी उडवली." मग त्यांनी मफलर परत गळ्यात गुंडाळला आणि दंतवैद्याला माफीची चिठ्ठी लिहायला आत गेले.

राखणीत त्यांना एवढा रस का, हे मला त्या दुपारी कळलं. त्यांनी मला पहिल्या खणातलं एक पान दाखवलं.

संग्रहात कुणी पाहुणा आला की त्याला हेच पान आधी दाखवायचं, असा रिवाज होता. हाताच्या पंजापेक्षा थोडं लांब, दोन काचांमध्ये बसवलेलं. वरच्या भागात एका बाईचं पत्र. तिचा नवरा द्राक्षमळ्याचा राखणदार. मळ्यातली द्राक्षं चोरीला गेली, म्हणून मुकादमाने त्यालाच कोठडीत टाकलेलं. बाई कारभाऱ्याला लिहिते, की तो चोर नाही, तो एकटा होता आणि चोर बरेच होते. तोडणी तोंडावर आली आहे, मी एकटी मळा राखू शकत नाही, घरी खायला नाही. तुमची मर्जी असेल तर त्याला सोडायला सांगा. आणि खालच्या भागात, वेगळ्या, मोठ्या, घाईच्या अक्षरात एकच ओळ. त्याला सोडून दे.

"आपल्याकडे त्याला आलेली पत्रं आहेत," हेर डॉक्टर म्हणाले. "त्याने पाठवलेली नाहीत. ती ज्याची त्याच्याकडे गेली आणि नाहीशी झाली. म्हणजे लोकांनी काय मागितलं ते सगळं आपल्याला माहीत आहे. त्याने काय उत्तर दिलं ते नाही." मग त्यांनी काचेवर, दोन भाग जिथे मिळत होते तिथे, बोट ठेवलं. "फक्त इथे. इथे त्याने तिच्याच कागदावर उत्तर लिहिलं. आमच्या संग्रहात तो एकदाच बोलतो. आणि बोलतो काय, तर सोडून दे."

हे दोन तुकडे वेगवेगळ्या डब्यांत होते. ते एका पानाचे आहेत हे चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ओळखलं, तेव्हा ते तिशीत होते. त्यांच्या नावावर जे काही होतं ते एवढंच. जाडजूड ग्रंथ त्यांनी लिहिला नाही, प्रोफेसरची खुर्ची त्यांना मिळाली नाही. पण या क्षेत्रात कारभाऱ्याबद्दल कुणीही लिहिलं, की ही जुळणी आणि तिच्यासोबत त्यांचं नाव येई. आणि त्यापलीकडे एक भांडणही होतं. काही विद्वानांचं म्हणणं, हा कारभारी म्हणजे गोरगरिबांची पिळवणूक करणारा कोरडा माणूस. हेर डॉक्टर त्यांना लांबलचक उत्तर देत नसत. या पानाचा क्रमांक लिहीत आणि खाली सही करत.

त्यांचं बोलणं ऐकून मी त्या दिवशी एस-बानमध्ये बराच वेळ त्या राखणदाराचा विचार करत बसले होते. मी अशी हळवी वगैरे नाही. पण तो कोठडीतून सुटून, उन्हात डोळे बारीक करत मळ्याकडे चालत गेला असेल, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि बरं वाटलं.

आमचा प्रकल्प संपत आला तशी संग्रहाच्या नव्या प्रमुख प्रोफेसरीणबाईंनी छापील कॅटलॉग काढायचं ठरवलं. बाई हुशार, चटपटीत, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. मुखपृष्ठावर अर्थातच ते पान. त्यासाठी मला त्याचा नवा, मोठा स्कॅन काढायचा होता. मी आधी एकदा विचारलं होतं, तेव्हा हेर डॉक्टर म्हणाले होते, "त्याचं सगळं झालेलं आहे. दुसऱ्यांचं बघा." आता टाळता येणार नव्हतं.

त्या पानाची एक अडचण होती. पूर्वी तुकडे नीट राहावेत म्हणून सरसकट पुठ्ठ्यावर डकवून टाकत. हे दोन्ही तुकडे हेर डॉक्टर कामाला लागण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी असेच डकवलेले. त्यांनी जुळणी केली ती पुठ्ठ्यासकट. आता संग्रहाची रेस्टाउराटोरिन, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणारी, उल्रिके सगळ्या जुन्या तुकड्यांचे पुठ्ठे काढत होती. ही तिथल्याच फाल्त्स भागातली, थोराड हातांची, कामात गुणगुणणारी बाई. ओला टीपकागद ठेवायचा, थांबायचं, चपट्या पात्याने पुठ्ठा पापुद्र्यापापुद्र्याने सोलायचा. राखणदाराच्या पानाचा पुठ्ठा काढायला तिला बरेच दिवस लागले. शेवटी एका सकाळी तिने मला हाक मारली.

"हे बघ," ती म्हणाली. "मागे लिहिलेलं आहे."

वरच्या तुकड्याच्या मागे, पुठ्ठ्याखाली झाकलेल्या जागी, कारकुनाची बारीक नोंद होती. कुणीच ती कधी पाहिलेली नव्हती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हेर डॉक्टरांना केवढा आनंद होईल, हेच दोघींच्या मनात. मी लगेच पान खालून उजेड टाकून स्कॅन केलं.

पपायरस हा लव्हाळ्याच्या देठाच्या चिरफाळ्यांचा असतो. एक थर आडव्या पट्ट्यांचा, त्याच्या मागे एक थर उभ्या पट्ट्यांचा. पुढच्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात, आणि पान आडवं तुटलं असेल तर त्यांच्याकडे बघून दोन तुकडे एकाचे आहेत की नाही हे काही कळत नाही. उभ्या पट्ट्या मात्र वरून खालपर्यंत सलग जातात. वरच्या तुकड्यात एखादी काळपट पट्टी असेल, तर खालच्यातही ती त्याच जागी यायला हवी. माझ्या पडद्यावर वरच्या तुकड्याला दोन रुंद काळपट पट्ट्या होत्या. खालचा तुकडा सगळा एकसारखा, फिकट, बारीक पट्ट्यांचा.

मी आधी माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. इंजिनिअरला तेच सुचतं. मग खालचा तुकडा डावीउजवीकडे सरकवून बघितला, थोडा फिरवून बघितला. कशानेही जुळेना. उल्रिके माझ्या मागे उभी होती. तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

प्रोफेसरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दार लावून घेतलं. "तुमची मापं बरोबर असतीलही," त्या म्हणाल्या. "पण कॅटलॉग छापायला जातोय, आणि ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुढच्या आवृत्तीत बघता येईल ना? हे विज्ञान आहे, पळून जात नाही." वाईट हेतूने म्हणत नव्हत्या. त्यांना ते आवडत होते, म्हणूनच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात हे सायलीला सांगितलं. सायली माझ्याबरोबर राहायची, पुण्याची, मटेरियल सायन्समध्ये मास्टर्स करत होती. ती कुकरची शिट्टी मोजत होती.

"अगं पण डेटा इज डेटा ना," ती म्हणाली. "सांगून टाक. थोडं ऑकवर्ड होईल, इतकंच."

"ऑकवर्ड नाही गं. त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही."

"मग नको सांगूस. तिथली प्रोफेसरपण नको म्हणतेय. टेक्निकली तू फक्त इमेजेस देणार."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

सायलीने गॅस बंद केला. "ते काय विचारणार तुला?"

ते काय विचारणार हे मला चांगलं माहीत होतं.

बुधवारी ते आले. पुठ्ठा निघाला आहे हे त्यांना उल्रिकेकडून कळलं होतं, बाकी काही नाही. त्यांनी टाय लावला होता. मी, उल्रिके आणि प्रोफेसरीणबाई, तिघीही तिथे होतो. ते खुर्चीत बसले, कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि म्हणाले, "तर मग, मागची बाजू."

मी वरच्या तुकड्याच्या नोंदीपुरता भाग मोठा करून पडद्यावर आणला. पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता, यंत्राला पपायरस कळत नाही असं ते म्हणत, पण त्या दिवशी पुढे झुकून वाचू लागले. ओठ हलत होते. "राखणदाराच्या बायकोचं," त्यांनी वाचलं. "तिच्या नवऱ्याबद्दल. मिळालं." मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "मिळालं म्हणतोय," ते म्हणाले. "तिचं पत्र त्याला मिळालं होतं. आता कुणी असं म्हणू शकत नाही की वाटेतच हरवलं." मग म्हणाले, "आता पूर्ण पान दाखवा."

प्रोफेसरीणबाई काहीतरी बोलायला लागल्या. मी पूर्ण पान पडद्यावर घेतलं. त्यांच्याशी खोटं बोलायची माझी तयारी नव्हती, इतकंच. त्यात काही शौर्य नव्हतं.

त्यांनी पाहिलं. उठून उजेडाच्या टेबलापाशी गेले, तिथे खरं पान पालथं ठेवलेलं होतं. खिशातून भिंग काढलं. पेन्सिलीचं टोक काचेच्या वर धरून एकेका पट्टीवरून खाली न्यायचे, फटीपाशी थांबायचे, पुन्हा वर जायचे. डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. बाहेर होफमध्ये हाऊसमाइस्टर पानं झाडत होता, त्या खराट्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता ते माझ्यावर चिडतील, किंवा कॅमेऱ्याला नावं ठेवतील. ठेवावीत, असं मला मनापासून वाटत होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते शेवटी म्हणाले. "हे एका पानाचे नाहीत."

"आपण प्रश्नचिन्ह घालू शकतो," प्रोफेसरीणबाई घाईने म्हणाल्या. "जुळणी शंकास्पद, एवढंच. किंवा 'बहुधा'."

"माणूस बहुधा सुटत नाही," ते म्हणाले. "सुटतो किंवा आत राहतो."

"हेर डॉक्टर, तुम्ही तेव्हा पुठ्ठा काढूच शकत नव्हता. मागची बाजू दिसणं शक्य नव्हतं."

"पुठ्ठा आहे हे दिसत होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला ती ओळ हवी होती. म्हणून मी मागे काय असेल ते विचारलं नाही." मग उल्रिकेला म्हणाले, "काचांचे दोन जोड लागतील. छोटे."

उल्रिकेने माझ्याकडे पाहिलं, मग काचा आणायला गेली. काचांच्या कडेची जुनी पट्टी त्यांनी स्वतःच कापली. पातं सरळ चाललं. वरचा तुकडा एका काचेत, खालचा दुसऱ्या. दोन क्रमांक. दोन्ही लेबलं त्यांनी पेन्सिलीने लिहिली. वरच्यावर, राखणदाराच्या बायकोचा अर्ज, उत्तर उपलब्ध नाही. खालच्यावर, अज्ञात व्यक्तीस सोडण्याचा हुकूम. कॅटलॉगात दुरुस्तीची टीप आपल्या नावाने जाईल, आजच लिहून देतो, असं त्यांनी प्रोफेसरीणबाईंना सांगितलं. त्या छापखान्याला फोन करायला गेल्या. मुखपृष्ठ बदलायचं होतं. जाताना त्यांनी हेर डॉक्टरांच्या खांद्याला हलकेच हात लावला. असं करताना त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. जर्मनमध्ये मला ते तेव्हा कधीच जमत नसे. "निदान कुणीतरी सुटलंच की," मी खालच्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हा हुकूम खरा आहे. कारभाऱ्याचा नसला तरी कुणाचा तरी आहे."

त्यांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "हो," ते म्हणाले. "तो जो कोण असेल, त्याच्याबद्दल मला आनंद आहे. पण त्याच्या बायकोला मी ओळखत नाही."

त्यांनी खुंटीवरचा कोट घेतला, अंगात घातला, बटणं लावली. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग परत आले आणि वरचा तुकडा असलेली काच टेबलाच्या कडेपासून थोडी आत सरकवली, जरी ती पडण्यासारखी नव्हती.

"चाळीस वर्षं हा माणूस बाहेर होता," ते म्हणाले. "आज मी त्याला परत आत घातलं."

मला रडू आलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसासाठी, ज्याचं नावसुद्धा पत्रात नव्हतं. उल्रिके पाठमोरी होऊन पाती पुसत राहिली. मग हेर डॉक्टरांनी कोट काढून पुन्हा खुंटीला अडकवला, न जुळलेल्या तुकड्यांच्या कपाटाचा पहिला खण ओढला आणि मला टेबलाचा दिवा लावायला सांगितलं.